सॅटर्न: जिनची टिकी घरी का फसते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे घोळ नको. घरी जिन आहे. शनिवारी सहा-सात जण येणार आहेत. व्हिडिओ बघून तुम्ही सॅटर्न नावाचं टिकी कॉकटेल (पॅसिफिक बेटांची सजावट करणाऱ्या बारमधल्या, एरवी रमच्या पेयांचा प्रकार) करून पाहिलंत. त्यात बाजारचं बदाम सरबत आणि बाटलीतला पॅशनफ्रूट क्रश घातलात, फालर्नम (लवंग, आलं, लिंबाच्या सालीचं सिरप) मिळालं नाही म्हणून आल्याचा रस ढकललात, बर्फासकट सगळं मिक्सरला लावलंत. झालं काय, तर गोडमिट्ट, आणि वर पाणचट. आता विचारताय की महागातली जिन आणली तर सुधारेल का, की टिकीला रमच लागते.

जिन बदलू नका. रमही आणू नका (थोडीशी लागेल, ती पुढे सांगतो). बावीस वर्षं बारच्या मागे काढली मी. आधी मुंबईतलं हॉटेल, मग क्रूझची जहाजं, आता गोव्यात नव्या पोरांना शिकवतो. सॅटर्न बिघडलं की जो तो जिनच्या बाटलीकडे संशयाने बघतो. बघायला हवं बर्फाकडे, लिंबाकडे आणि बदामाकडे.

मूळ माप औंसात आहे. मिलिलिटरमध्ये एका ग्लासाचं असं होतं: जिन ३७.५, लिंबाचा रस १५, पॅशनफ्रूट सिरप १५, बदामाचं सिरप म्हणजे ओर्झा ७.५, फालर्नम ७.५, आणि एक मोठा कप फोडलेला बर्फ. बास. अननस नाही, नारळाचं दूध नाही, संत्र्याचा रस नाही. आपल्याकडे टिकी म्हटलं की जो उठतो तो अननसाचा टेट्रापॅक फोडतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

साडेसात मिली मोजायचं कशाने? पेग मेजरवर ३० आणि ६० च्या खुणा असतात, त्याच्या खाली सगळा अंदाजपंचे कारभार. औषधाच्या दुकानातून दहा मिलीची सिरिंज आणा, सुईशिवायची. मी शिकवतानासुद्धा पहिले दोन आठवडे तीच वापरायला लावतो. ओर्झा साडेसातऐवजी पंधरा पडला की पेय संपलं. हात सरावला, आता अंदाजाने ओततो, असं म्हणणारे बारटेंडर मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या हातचं तेच कॉकटेल सोमवारी एका चवीचं असतं आणि शुक्रवारी दुसऱ्या.

आता टिकीत जिन कशी, हा तुमचा दुसरा प्रश्न. टिकी ही मुळात कॅलिफोर्नियातली करामत. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि लगोलग हॉलिवूडमध्ये अर्नेस्ट गँट नावाच्या गृहस्थाने बांबू, मुखवटे, माशांची जाळी टांगून बार थाटला. पुढे त्याने स्वतःचं नाव बदलून डॉन बीच करून घेतलं. सजावट पॅसिफिक बेटांची, पेयं मात्र कॅरिबियन वळणाची: रम, लिंबू, साखर, मसाले. बेटांवरच्या लोकांचा त्या पेयांशी काही संबंध नव्हता, हे मनात असू द्या. रम तेव्हा स्वस्त होती, म्हणून टिकी म्हणजे रम हे समीकरण बसलं. डॉनच्या बारमागे प्रत्यक्ष राबणारे हात बरेचसे फिलिपिनो होते. त्यांच्यातल्या रे ब्यूएनने १९६१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचा टिकी-टी हा बार काढला, तो त्याच्या कुटुंबाने चालू ठेवला. सॅटर्नही एका फिलिपिनो बारटेंडरचं. दक्षिण कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या जे. 'पोपो' गॅल्सिनीने त्यावर १९६७ ची आंतरराष्ट्रीय बारटेंडर स्पर्धा जिंकली. मग ते विस्मरणात गेलं, ते जेफ बेरी या टिकीच्या संशोधकाने जुन्या पाककृती खणून काढल्या तेव्हा परत वर आलं.

पोपोची हुशारी कुठे, ते करताना कळतं. रम स्वतःच गोडाकडे झुकलेली असते. तीन सिरपं आणि वर रम असं झालं की तोंडात नुसता गूळ. जिन कोरडी, तिच्यात जुनिपरची (जिनला तिची मुख्य चव देणारं फळ) कडसर, डिंकासारखी चव. ती तीन गोडांना उभं धरते. म्हणून जिन कोणती, तर साधी, जुनिपर ठळक असलेली लंडन ड्राय, म्हणजे कोरड्या धाटणीची जिन. गोव्यात बनणारी ग्रेटर दॅन मला यासाठी पुरेशी वाटते. तिच्याच घरची हपूसा (जुनिपरचं संस्कृत नाव हपुषा, त्यावरून) फार चांगली जिन आहे, पण तिचा मातकट हिमालयी स्वभाव पॅशनफ्रूटशी भांडतो. ती टॉनिकबरोबर प्या. गुलाबाच्या, केशराच्या, निळ्या-जांभळ्या जिन तर इथे अजिबात नकोत. आपल्या बाटलीवर ४२.८ टक्के आणि शेजारी ७५ डिग्री प्रूफ लिहिलेलं असतं, ते जुन्या ब्रिटिश मोजणीचं शेपूट. या ताकदीची जिन सॅटर्नला चांगली चालते, ३७.५ मिलीच्या वर जायची गरज नाही. पाहुणे "कडक कर" म्हणाले तरी ऐकू नका. हे पेय लिंबू सरबतासारखं उतरतं आणि तिसऱ्या ग्लासाला पायात येतं.

आता सिरपं. इथे वेळ घालवा.

ओर्झा म्हणजे बदामाचं दूध आणि साखर, त्यात नारिंगीच्या फुलांचं पाणी. आपलं बदाम सरबत त्याचं चुलत भावंड, पण बाटलीतल्यात वेलदोडा, केशर आणि पिवळा रंग असतो. वेलदोडा एकदा शिरला की जिनमधलं जुनिपर गप्प बसतं आणि कॉकटेल श्रीखंडाच्या वाटेने जातं. तुमच्या ग्लासात नेमकं हेच झालं. घरी करा: शंभर ग्रॅम बदाम रात्रभर भिजत, सकाळी सोलून, दोनशे मिली पाण्याबरोबर मिक्सरला बारीक. धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळा. जेवढं दूध निघेल त्याच्या वजनाच्या सव्वापट साखर घालून मंद आचेवर फक्त साखर विरघळेपर्यंत ढवळा. उकळी येऊ द्यायची नाही. उकळलं की बदामाचं दूध शिजतं, दाटतं, ताजा वास जातो. गार झाल्यावर चमचाभर जिन किंवा व्होडका, टिकण्यासाठी. नारिंगीच्या फुलांचं पाणी मिळालं तर अर्धा चमचा. नाही मिळालं तर गुलाबपाणी पाव चमचा, त्याहून जास्त नाही. केवडा नको. शेवटी बदामाच्या इसेन्सचे दोन थेंब, कारण परदेशी ओर्झाला जो मार्झिपानसारखा (बदाम-साखरेची मिठाई) वास असतो तो कडू बदामाचा. इथे एक गोष्ट गंभीरपणे: त्या वासासाठी कडू बदाम किंवा जर्दाळूच्या बिया आणून वाटायचा उद्योग करू नका. त्यांतून सायनाइड तयार होतं. इसेन्स वापरा.

ओर्झा फ्रिजमध्ये दोन थरांत फुटतो. खराब झाला म्हणून फेकू नका, बाटली हलवा. आठवडाभर सहज राहतो. उरलेला सोड्यात घालून मुलांना द्यायचा असेल तर जिन घालायच्या आधीच वेगळा काढा.

फालर्नम हे बार्बाडोसचं. लिंबाची साल, लवंग, आलं, कधी बदाम, आणि रम. नुसता आल्याचा रस म्हणजे फालर्नम नव्हे, कारण फालर्नमचा जीव लवंग आणि साल यांच्यात. दीडशे मिली पांढरी रम घ्या. आठ हिरव्या कागदी लिंबांची साल बारीक किसणीवर, हिरवाच भाग, खालचा पांढरा लागला की कडू. पंचवीस लवंगा कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत, चाळीस ग्रॅम आलं सोलून काड्या करून. काचेच्या बरणीत एक दिवस एक रात्र. मग गाळून त्यात तीनशे मिली घट्ट पाक (साखर दोन भाग, पाणी एक भाग, वजनाने, पूर्ण गार केलेला). झालं. काहीजण यात लिंबाचा रसही घालतात. मी घालत नाही, त्यामुळे महिनाभर टिकतं. लवंगा मात्र मोजून. आपल्या मसाल्याच्या दुकानातल्या चांगल्या लवंगा तेलकट आणि जबर असतात. एकदा मी चाळीस टाकल्या होत्या, आणि पिणाऱ्याने पहिल्याच घोटाला दाढ दुखते का विचारलं. तंतोतंत लवंगतेलाचा बोळा.

रमऐवजी काजूची फेणी घालू का, हे गोव्यात मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. मी करून पाहिलंय. फेणी जिंकते, बाकी सगळे हरतात. फेणीचं स्वतंत्र काहीतरी करा, तिचा मान तिला द्या.

पॅशनफ्रूट हे आपल्या कृष्णकमळाचंच भावंड, एकाच कुळातली वेल. कुंपणावरचं कृष्णकमळ ओळखत असाल तर या फळाच्या वेलीचं फूल बघून लगेच नातं कळेल. कूर्ग, वायनाडकडून आणि ईशान्येकडून फळं येतात. जांभळी, सुरकुतलेली घ्या. तुकतुकीत दिसणारं फळ अजून आंबट-तुरट असतं, दोन-तीन दिवस बाहेर ठेवलं की सुरकुततं आणि वास सुटतो. आठ-दहा फळांचा गर काढून मिक्सरला एकच झटका. बिया फुटता कामा नयेत, नाहीतर काळे कण आणि कडवटपणा. चाळणीतून चमच्याने दाबून गाळा, आणि जेवढा रस तेवढाच घट्ट पाक मिसळा. शिजवायचं नाही. गोठवलेला गर मिळाला तर तोही चालतो, फक्त पाकिटावर साखर घातलीय का ते वाचा. बाटलीतला क्रश नाइलाजाने वापरायचा झाला तर १५ ऐवजी १० मिली, आणि लिंबू जरासं वाढवून. तुम्ही क्रश पूर्ण मापाने घातलात, वर गोड बदाम सरबत. गोडमिट्ट होणारच.

लिंबाबद्दल एक बारीक गोष्ट, जी व्हिडिओंत कोणी सांगत नाही. मूळ कृतीतलं लिंबू म्हणजे ते मोठं, पिवळं, जाड सालीचं. आपलं कागदी लिंबू वेगळं फळ आहे, जास्त आंबट आणि जास्त टोकदार. परदेशात राहणाऱ्यांनी पिवळं घ्यावं आणि १५ मिली घालावं, प्रश्न मिटला. इथे मी १२ मिली कागदी लिंबू आणि ३ मिली मोसंबीचा रस घेतो. मोसंबीत आंबटपणा नावालाच, पण ती कागदी लिंबाची धार बोथट करते. रस त्याच दिवशी काढलेला हवा, आणि लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत पिळायचं नाही. सालीतला कडूपणा उतरतो. घरात पोह्यांवर पिळताना आपण जशी काटकसर करतो तशी इथे नको.

आता बर्फ. तुमचं पाणचट झालं ते इथे.

फार वर्षांपूर्वी, जहाजावर नवा असताना, एका संध्याकाळी टिकीचा मोठा ब्लेंडर बंद पडला. मी स्वयंपाकघरातला वाटण्याचा मिक्सर उचलून आणला आणि सगळं घालून अर्धा मिनिट फिरवलं. बाहेर आलं ते बर्फाच्या गोळ्यासारखं भुरभुरीत, पांढुरकं. ग्लासात ओतलं, दोन मिनिटांत वर कोरडा भुसा आणि खाली फिकट पाणी. पाहुण्या बाईंनी चमचा मागितला. त्यांनी चेष्टा केली नव्हती, खरंच चमच्याने खाल्लं. मी आजही मिक्सरचा आवाज आला की ते आठवतो.

घडतं असं: डॉन बीचच्या काळापासून टिकी बारमध्ये वापरतात तो मिक्सर वरून दांडी खाली येणारा, मिल्कशेकवाला. त्याला धारदार पातं नसतं. तो तीन-चार सेकंदांत पेय आणि फोडलेला बर्फ घुसळतो, गार करतो, थोडं पाणी सोडतो, फेस आणतो, आणि खडे तसेच ठेवतो. आपल्या मिक्सरचं पातं बर्फाचा चुरा करतं. बर्फ जितका बारीक, तितका त्याचा पेयाला लागणारा पृष्ठभाग जास्त, आणि तितकं पाणी झटकन. शिवाय मोटर गरम, भांडं गरम. सॅटर्नमध्ये पाणी हवंच असतं, बरंच हवं असतं, पण हवं तेवढं आणि हवं तेव्हा.

तर घरी असं करा. बर्फाचा ट्रे फ्रीजरमध्ये सगळ्यात आत, आदल्या दिवसापासून. बर्फ काढून पाच मिनिटं ओट्यावर ठेवला की त्याला पाणी सुटतं, ते पाणी ग्लासात जातं. जाड स्वच्छ टॉवेलमध्ये बर्फ गुंडाळून बत्त्याने किंवा लाटण्याने हाणा. फडकं सुटलेलं पाणी पिऊन घेतं, हा त्यातला खरा फायदा. खडे हरभरा ते बोराएवढे, थोडा चुरा झाला तर हरकत नाही. मासळी बाजारातल्या लादीचा बर्फ आणू नका, तो खाण्याचा नसतो.

शेकर नसेल तर फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, ज्यातून आमटी सांडत नाही असा. त्यात सगळी मापं, एक मोठा कप फोडलेला बर्फ, झाकण घट्ट, फडक्यात धरून दहा सेकंद जोरात. डब्यावर बाहेरून पांढरं दव बसलं आणि बोटं चिकटायला लागली की थांबा. आणि मग गाळायचं नाही. सगळं बर्फासकट उंच ग्लासात, वर अजून मूठभर ताजा बर्फ, ढीग करून. गाळण्याची सवय असलेले इथे चुकतात, अर्धा ग्लास भरतो आणि मग सोडा घालून वाढवतात.

पहिला घोट आंबट लागला पाहिजे, जरा जास्तच. पाच मिनिटांनी बर्फ उतरला की तो बरोबर बसतो. पहिल्याच घोटाला "वा, मस्त गोड" वाटलं तर शेवट पाणचट होणार हे नक्की.

सात जणांसाठी प्रत्येकी दोन धरून चौदा ग्लास. दुपारीच एका बाटलीत जिन ५२५ मिली, पॅशनफ्रूट सिरप २१०, फालर्नम १०५ मिसळून फ्रिजमध्ये ठेवा. लिंबू आणि ओर्झा यात आधी घालायचे नाहीत. बदामाचं दूध लिंबाच्या आंबटपणाने फाटतं आणि तासाभरात बाटलीत ताकातल्यासारख्या गुठळ्या दिसतात. दर ग्लासाला या मिश्रणाचे ६० मिली, त्यावर लिंबू १५, ओर्झा साडेसात. ६० म्हणजे मोठा पेग, तुमचं मेजर अखेर इथे कामी आलं. एकावेळी दोनच ग्लास हलवा, डबा अर्ध्याहून जास्त भरला की आतलं हलतच नाही. पाहुण्यांना आल्या-आल्या बदाम-सुक्यामेव्याची ॲलर्जी विचारा, ओर्झा दिसत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात असाल तर जिनसाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो. वाइन शॉपमध्ये एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो, मागून घ्या.

पॅशनफ्रूट कुठेच मिळालं नाही तर आंब्याचा रस घालून सॅटर्न म्हणू नका. आंबा जाड, त्याला तो आंबट टोकाचा वास नाही. त्यापेक्षा सफरिंग बास्टर्ड करा. दुसऱ्या महायुद्धात कैरोच्या शेफर्ड्स हॉटेलात जो शालोमने बनवलेलं, जिन आणि ब्रँडी प्रत्येकी ३० मिली, लिंबू १५, अँगोस्टुराचे (कडू मसालेदार अर्क) दोन शिंतोडे, वर थंड जिंजर बिअर. सिरप-बिरप काही नाही, दहा मिनिटांच्या आत सात ग्लास तयार. मुळात रात्री जास्त झालेल्यांना सकाळी उतारा म्हणून दिलं जायचं म्हणतात, टिकीवाल्यांनी नंतर दत्तक घेतलं.

राहिली सजावट. सॅटर्न म्हणजे शनि, त्याला कडं हवं. पिवळ्या लिंबाची किंवा मोसंबीची साल सुरीने लांब पट्टीसारखी काढा, बोटभर रुंद, पांढरा भाग खरवडून. चेरीभोवती कड्यासारखी वळवून टूथपिक आरपार. बेकरीतली लाल चेरी वापरली तरी चालेल, ती बहुतेक वेळा साखरेत मुरवलेलं करवंदच असतं, आणि कोकणातल्या माणसाला शनीच्या जागी करवंद बसलेलं बघून बरंच वाटेल. साल वळवायच्या आधी ग्लासावर धरून एकदा चिमटा काढा. तेलाचा बारीक फवारा उडतो आणि नाक ग्लासात जायच्या आधी लिंबाचा वास येतो. कागदी लिंबाची साल यासाठी घेऊ नका, ती आखूड पडते आणि कडं जुळतच नाही.